तुमच्या रग्बी लीग क्लबचा सगळ्यात लाडका जुना खेळाडू कोण? आमच्याकडे कुंपणापलीकडच्या काकांशी वाद पेटलाय

वेंटीचा_बाबा:

नमस्कार मंडळी. इथे पश्चिम सिडनीतले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय, बाहेरच्यांनीही बिनधास्त लिहा. मी मूळचा साताऱ्याचा, २००८ पासून वेंटवर्थव्हिलला आहे आणि आल्यापासून रग्बी लीगमध्ये, म्हणजे तेरा-तेरा जणांच्या रग्बीत, पॅरामॅटा ईल्स हाच आपला क्लब. पोरगा अकरा वर्षांचा आहे, तोही निळा-पिवळाच. त्याला शाळेत आपल्या क्लबच्या एका जुन्या खेळाडूवर पाच मिनिटं बोलायचंय. त्याने मला विचारलं बाबा तुझा आवडता कोण, मी क्षणभरही न थांबता म्हटलं नेथन हिंडमार्श.

शेजारचे काका तेव्हा पलीकडे झाडांना पाणी घालत होते. पंचाहत्तरीच्या आसपासचे आहेत, जन्म पॅरामॅटाचा, ईल्सची मॅच असली की आदल्या दिवशी त्यांची जुनी जर्सी धुऊन दोरीवर पडलेली असते, इतकी विटलीय की पिवळ्या पट्ट्याचा आता साय रंग झालाय. त्यांनी पाइप खाली ठेवला आणि म्हणाले हिंडमार्श कुठला जुना, तो तर काल खेळत होता. तिथून जे सुरू झालं ते दोन आठवडे चाललंय.

माझी बाजू सांगतो. हिंडमार्श रॉबर्टसनचा, म्हणजे बटाट्याच्या शेतीचं गाव, डोंगरातलं. १९९८ ते २०१२ एकाच क्लबकडून ३३० मॅच. एनआरएलमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, दहा हजार टॅकलचा (चेंडू घेऊन येणाऱ्याला धरून पाडण्याचा) आकडा पहिल्यांदा त्याने ओलांडला. दहा हजार वेळा समोरून शंभर-एकशेदहा किलोचा माणूस पळत येतोय आणि तुम्ही त्याच्या अंगावर जाताय! ग्रँड फायनल, म्हणजे विजेतेपदाचा शेवटचा सामना, दोन खेळला, २००१ ला न्यूकॅसलकडून ३०-२४ आणि २००९ ला मेलबर्नकडून २३-१६, दोन्ही हरला. २००१ चं तर अजून दुखतं लोकांना, त्या वर्षी साखळीत ८३९ पॉइंट मारले होते आपल्या टीमने, रेकॉर्ड होतं ते, आणि फायनलला हाफटाइमला २४-० मागे. आणि २००९ चं मेलबर्नचं विजेतेपद पुढच्या वर्षी खेळाडूंच्या एकूण पगारावरची मर्यादा मोडल्याच्या घोटाळ्यात काढून घेतलं पण ते आपल्याला दिलं नाही, तसंच रिकामं ठेवलं.

मी इथे आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं, ऑफिसातल्या एकाने तिकीट दिलं म्हणून स्टेडियमवर गेलो. पाऊस होता, आपण हरत होतो, लोक उठून चालले होते. मी खाली कठड्याजवळ उभा होतो. हिंडमार्शने माझ्यापासून दहा-पंधरा पावलांवर एकाला पाडलं, ढिगाऱ्याखालून उठला, एका हाताने घसरलेली चड्डी वर ओढली, दुसऱ्या हाताने बाजूच्या पोराला ढकलून जागेवर उभं केलं आणि स्वतः उलट्या पावली दहा मीटर मागे पळाला, परत पुढचा टॅकल, परत तेच. मॅच हातातून गेलेली. तोंडातून वाफा निघत होत्या त्याच्या. त्या दिवसापासून हा माझा माणूस.

तर सांगा तुमचा कोण आणि का. पोराला दाखवणार आहे सगळं.

कोपरारक्षक_सांगली:

भावा हिंडमार्शबद्दल दुमत नाही पण काका बरोबर बोलतायत असं माझं मत. रे प्राइस.

मी सांगलीत कबड्डी खेळलेला माणूस, डावा कोपरा. इथे ब्लॅकटाउनला आलो तेव्हा लीग पहिल्यांदा बघितलं आणि लगेच कळलं, समोरचा अंगावर येतोय आणि त्याला धरून खाली आणायचंय, एवढं आपल्याला जन्मापासून माहितीये. क्लबातल्या एका म्हाताऱ्याने मला प्राइसच्या जुन्या मॅच दाखवल्या. डोक्याला ते हेडगिअर बांधलेलं, लॉकला (फॉरवर्डमधली सगळ्यात मागची जागा) खेळायचा, आणि मैदानाच्या ज्या कोपऱ्यात कॅमेरा जाईल तिथे हा हजर. लोक त्याला मिस्टर पर्पेच्युअल मोशन म्हणायचे, म्हणजे न थांबणारं यंत्र. आधी पंधरा जणांच्या रग्बीत ऑस्ट्रेलियाकडून खेळला, १९७६ ला ईल्सकडे आला आणि मग लीगमध्येही देशाकडून खेळला. १९८१, ८२, ८३ आणि ८६, क्लबची चारही विजेतेपदं त्याच्या काळातली, ८६ ला कॅप्टन तोच.

कबड्डीत टाळ्या कुणाला, चढाईला जाणाऱ्याला. कोपऱ्याने घोटा धरला नाही तर साखळी कितीही मजबूत असू दे, गडी मध्यरेषेला हात लावून येतो. प्राइस तो कोपरा. म्हणजे तुझा हिंडमार्श ज्या गोष्टीसाठी तुला आवडतो ना, ती गोष्ट या क्लबात प्राइसने रुजवली. पोराला सांग दोघांचे व्हिडिओ शेजारी-शेजारी लावून बघ, पडल्यावर उठायची घाई सेम आहे.

निळं_पिवळं_काळीज:

पाच वर्षांत या ग्रुपवर पहिल्यांदा लिहितोय कारण दोन पोस्ट झाल्या आणि स्टर्लिंग-केनीचं नाव नाही!! हाफबॅक पीटर स्टर्लिंग, शेजारी फाइव्ह-एटला ब्रेट केनी, म्हणजे चाल रचणारी जोडी, सोनेरी केसांचा एक आणि सडसडीत एक. केनीने १९८१, ८२ आणि ८३ अशा लागोपाठ तीन ग्रँड फायनलमध्ये प्रत्येकी दोन ट्राय (गोललाइनपलीकडे चेंडू टेकवणं) केल्यात, तीन वर्षं सलग, सगळ्यात मोठ्या दिवशी. आणि स्टर्लिंगला ८६ च्या फायनलचं क्लाइव्ह चर्चिल मेडल, म्हणजे सामनावीराचं, आणि ८६ आणि ८७ दोन्ही वर्षांचं डॅली एम, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं.

माझं मत केनीला. कारण १९८५. त्या वर्षी इंग्लंडात वेम्बलीला चॅलेंज कपची फायनल, विगनकडून केनी आणि हलकडून स्टर्लिंग, म्हणजे पॅरामॅटाची जोडी समोरासमोर. विगन जिंकली २८-२४ आणि सामनावीराची लान्स टॉड ट्रॉफी केनीला. मॅचआधी पाहुण्यांशी ओळखपरेड चालू असताना हा ट्रॅकसूटच्या खिशात हात घालून उभा होता म्हणून तिकडच्या लोकांना वाटलं याला काही पडलेली नाही. मग चेंडू हातात आल्यावर त्यांनी बघितलं. बचावाची फळी फोडून निघताना तो पळतोय असं वाटतच नाही, मागचे लोक मात्र लांब-लांब जात राहतात. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितलाय मोजलं नाही.

ज्युनियरमधल्या हाफबॅकला माझे कोच अजूनही स्टर्लिंगच्या किक दाखवतात हेही मान्य. पण काळीज केनी.

जुना_सिडनीकर:

वेंटीचे बाबा, तुम्ही साताऱ्याचे ना, मग तुम्हाला माझा माणूस लगेच कळेल. मिक क्रोनिन.

मी १९८४ साली आलो इथे, तेव्हा आपली माणसं बोटावर मोजण्याइतकी, मराठी ऐकायचं तर महिना-महिना जायचा. क्लाइडच्या बाजूला एका कारखान्यात लेथवर होतो. सोमवारी सकाळी डबा खाताना सगळे फक्त फुटीबद्दल, म्हणजे रग्बी लीगबद्दल बोलायचे आणि मी गप्प बसायचो, मग एक वयस्क ऑपरेटर होता त्याने मला वर्तमानपत्राच्या मार्जिनवर तेरा जागा काढून दाखवल्या, कोण कुठे उभा राहतो, सहा टॅकलमध्ये काय करायचं. सेंटरच्या जागेवर त्याने नाव लिहिलं क्रोनिन आणि त्याखाली रेघ मारली.

क्रोनिन गेरिंगॉंगचा, समुद्रकाठचं गाव, सिडनीच्या दक्षिणेला. पॅरामॅटापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. हा माणूस सिडनीत राहायला आलाच नाही. अख्खी कारकीर्द गावातून गाडी चालवत प्रॅक्टिसला यायचा आणि परत जायचा. आता असं धरा की साताऱ्याहून संध्याकाळी निघून पुण्याला सराव करायचा, तोही माणसं अंगावर पाडून घेण्याचा सराव, आणि रात्री खंबाटकी उतरून घरी. दहा वर्षं. त्या काळचे रस्ते आणि त्या काळच्या गाड्या. ऑस्ट्रेलियाकडून खेळणारा खेळाडू होता तो, कुणीही घर बघून दिलं असतं. पण गाव सोडायचं नाही. मीही गाव सोडून आलेला होतो त्यामुळे हे फार आत लागलं मला.

१९७८ ला एका सीझनमध्ये २८२ पॉइंट केले त्याने, ते रेकॉर्ड वीस वर्षं टिकलं. किक मारायची पद्धत काय होती, आधी वाळूची बादली यायची, त्याचा छोटा ढीग करून त्यावर चेंडू बसवायचा. हा चेंडू बसवताना आजूबाजूला काय चाललंय त्याकडे बघायचाच नाही. शेतात वाफा करणाऱ्या माणसाचे हात असतात ना तसे हात.

१९८६ ची ग्रँड फायनल, सिडनी क्रिकेट ग्राउंड, समोर कॅंटरबरी. आपण जिंकलो ४-२. पूर्ण मॅचमध्ये एकही ट्राय नाही, कुणालाच नाही, दोन्हीकडच्या बचावाने एकमेकांना लाइन ओलांडू दिली नाही आणि सगळे पॉइंट पेनल्टीच्या किकचे. आपले चारही क्रोनिनचे. त्या दिवशी क्रोनिन आणि प्राइस दोघेही निवृत्त झाले. आम्ही त्या ऑपरेटरच्या घरी बारा-तेरा जण टीव्हीसमोर होतो, त्याच्या बायकोने माझ्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी केली होती कारण मी तेव्हा रविवारी मांसाहार करत नव्हतो. शिट्टी वाजली आणि तो माणूस उठून मागच्या अंगणात गेला. मी मागून गेलो तर नळाखाली तोंड धरून उभा होता. म्हणाला असा दिवस परत येईल ना रे. मी म्हटलं येईल की पुढच्या वर्षी.

अजून आलेला नाही. तो ऑपरेटर आता नाही. पोराला क्रोनिनबद्दल जरूर सांगा, बोलायला पाच मिनिटं पुरायची नाहीत.

वेस्टमीडची_सिस्टर:

काका तुमची पोस्ट ड्युटीवर वाचली आणि थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले.

माझा खेळाडू अगदी जुना नाही पण लिहिते. फुईफुई मोइमोई. टोंगाचा, प्रॉप. २००९ ला मी इथे नवीन, नाइट शिफ्ट, वॉर्डात माझ्याबरोबर दोन टोंगन बायका होत्या, मोठ्या मनाच्या, माझा डबा संपला तर स्वतःचा पुढे करायच्या. त्या वर्षी ईल्स साखळीत आठव्या आल्या होत्या, म्हणजे शेवटून पात्र, आणि तिथून एकेक टीम पाडत ग्रँड फायनलला. आठव्या नंबरवरून फायनलला तोपर्यंत कुणी गेलं नव्हतं. त्या दोघींमुळे मी बघायला लागले. प्रॉप म्हणजे काय तर सगळ्यात आधी चेंडू घ्यायचा आणि सरळ भिंतीत घुसायचं म्हणजे मागच्यांना जागा होते, हे मला त्यांनी कॅंटीनमध्ये मीठ-मिरीच्या डब्या मांडून शिकवलं.

फायनलला आपण २२-६ मागे. मग एरिक ग्रोथीने ट्राय केला, याचे वडीलही एरिक ग्रोथी, ऐंशीच्या टीमचे विंगर, म्हणजे बाप जिंकलेला आणि पोरगा त्याच जर्सीत लढतोय. आणि मग मोइमोई. गोललाइनजवळ चेंडू घेतला, अंगाला लोक लटकलेले आणि तो त्यांना घेऊन लाइनच्या पलीकडे. २२-१६. त्या दोघींपैकी थोरली खुर्चीवर उभी राहून टोंगनमध्ये काहीतरी ओरडली, मला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. हरलो शेवटी. पण आमच्या भागात टोंगा, सामोआ, फिजीची इतकी माणसं आहेत, पहाटे ट्रेनने साफसफाईला, नर्सिंगला, गोदामात जाणारी, आणि त्यांच्यातला एक जण सगळ्यांच्या पुढे भिंतीत घुसतोय हे बघून त्यांच्या चेहऱ्यावर काय यायचं ते मी रोज बघितलंय. म्हणून मोइमोई.

यॉर्कशायरचा_मावळा:

सिडनीवाल्यांच्या गप्पांत घुसतोय, मी इंग्लंडात लीड्सला आहे, २०१३ पासून. आमचा क्लब लीड्स ऱ्हायनोज आणि आमच्याकडे हा प्रश्न विचारला तर दुसरं नाव निघत नाही. रॉब बरो.

उंची पाच फूट पाच इंच. लीगमध्ये! सगळ्यांनी लहानपणी सांगितलं असणार की हा खेळ तुझा नाही. २००१ ते २०१७ फक्त लीड्स, सात नंबरची जर्सी, इंग्लंडच्या सुपर लीगची आठ विजेतेपदं. २०११ च्या ग्रँड फायनलला सेंट हेलेन्सविरुद्ध बेंचवरून उतरला आणि एकाच्या हाताखालून वाकून निघाला तो मागच्या सगळ्यांना चुकवत थेट ट्राय. मोठ्या माणसांच्या काखेखालून निघणं हे त्याने आयुष्यभर केलेलं.

डिसेंबर २०१९ ला कळलं त्याला मोटर न्यूरॉनचा आजार आहे. वय ३७. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत जातात, आधी हात-पाय, मग बोलणं, मग गिळणं. घरात लहान तीन मुलं. आणि हा माणूस लपला नाही, सगळ्यांसमोर राहिला, आवाज गेल्यावर नजरेने चालणाऱ्या यंत्रातून बोलत राहिला, कारण या आजाराबद्दल लोकांना कळावं. त्याचा जुना कॅप्टन केव्हिन सिनफील्ड त्याच्यासाठी मॅरेथॉनमागून मॅरेथॉन पळाला.

मे २०२३ ला लीड्समध्ये रॉबच्या नावाची पहिली मॅरेथॉन झाली. मी मुलीला खांद्यावर घेऊन हेडिंग्लीच्या बाजूला उभा होतो. सिनफील्ड रॉबला व्हीलचेअरमध्ये बसवून ढकलत आणत होता, सव्वीस मैल, आणि आमच्या इथला चढ असा आहे की मोकळ्या हाताने चालतानाही धाप लागते. तो जवळ आला तसा रस्ता ओरडायचा थांबला, फक्त टाळ्या. चाकाचा आवाज ऐकू आला इतकं शांत. शेवटची लाइन आली तेव्हा त्याने रॉबला खुर्चीतून दोन्ही हातांवर उचललं आणि उचलून पलीकडे नेलं. मुलीने विचारलं बाबा ते भाऊ आहेत का. मी हो म्हटलं.

रॉब जून २०२४ ला गेला. ४१ वर्षांचा.

आणि वेंटीचे बाबा, एक गोष्ट तुमच्या कामाची. तुमच्या काकांच्या वयाचा हिशेब केला तर त्यांना केन थॉर्नेट माहीत असणार, पॅरामॅटाचा साठच्या दशकातला फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागे उभा राहणारा. तो आधी आमच्याकडे होता. लीड्सने इतिहासातलं पहिलं चॅंपियनशिप १९६१ ला जिंकलं, वॉरिंग्टनला २५-१० हरवून, तेव्हा फुलबॅक थॉर्नेट. इथले म्हातारे अजून नाव काढतात. विचारा त्यांना.

वेंटीचा_बाबा:

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, जुने सिडनीकर काका, पोराला वाचून दाखवलं, क्रोनिनच्या गाडीचं ऐकून त्याने नकाशावर गेरिंगॉंग शोधलं.

मावळ्या, तू सांगितलंस ते मी काल संध्याकाळी काकांना कुंपणावरून सांगितलं. केन थॉर्नेट म्हटल्यावर त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. दोन आठवडे माझ्याशी प्राइस-प्राइस म्हणून भांडणारा माणूस म्हणाला, प्राइस तुला पटवायला सांगत होतो, माझा खरा थॉर्नेट. आणि आत बोलावलं, पोरालाही.

१९५६ ते १९६१ सलग सहा वर्षं पॅरामॅटा तळाला होती, लाकडी चमचा म्हणतात त्याला. काका तेव्हा शाळेत, त्यांचे वडील दर घरच्या मॅचला त्यांना कंबरलंड ओव्हलवर न्यायचे आणि दर वेळी हरून चालत घरी यायचे. १९६२ ला थॉर्नेट आला आणि टीम पहिल्यांदा सेमीफायनलला गेली. मागून चेंडू उचलून तो पुढे पळत सुटला की वडील उठून उभे राहायचे आणि यांच्या खांद्यावर हात ठेवायचे, तो हात किती जड होता तेवढं आठवतं म्हणाले. लोक थॉर्नेटला पॅरामॅटाचा मेयर म्हणायचे.

मग त्यांनी बिस्किटाचा जुना डबा काढला. आत जुन्या फडक्यात गुंडाळलेला वीतभर लाकडाचा तुकडा, एका बाजूने कोळसा झालेला, दुसऱ्या बाजूला हिरव्या रंगाचे पोपडे. १९८१ ला न्यूटाउनला २०-११ हरवून पहिलं विजेतेपद मिळालं त्या रात्री लोकांनी आनंदाच्या भरात कंबरलंड ओव्हलचा लाकडी स्टॅंडच जाळून टाकला. काका दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर न जाता तिथे गेले, वडील तेव्हा दोन वर्षांपूर्वी वारले होते. ज्या टोकाला दोघं बसायचे तिथल्या राखेतून हा तुकडा उचलला. पोराने हातात घेतला आणि वास घेतला. म्हणाला अजून जळका वास येतो. काका म्हणाले, मला वाटायचं फक्त मलाच येतो.

भाषण थॉर्नेटवर ठरलंय. लीड्सचं १९६१ पण घालतोय त्यात. पोराने विचारलं हा तुकडा शाळेत नेऊ का, काकांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले नेऊ, पण मी घेऊन येतो. बाईंना मेल करून परवानगी काढली.

मंगळवारी आहे भाषण. या आठवड्यात ईल्सची मॅच शनिवारीच होऊन गेली, तरी आत्ता खिडकीतून बघतोय तर काकांची जर्सी दोरीवर वाळत घातलेली आहे.